पेव, कणगी आणि कडुनिंब : वाडवडिलांची धान्यरक्षणाची विद्या

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वजण नित्य वापरतो. गल्लोगल्ली दुकानांचे पेव फुटले, वर्गांचे पेव फुटले, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पेव म्हणजे काय, ते कोठे असे, ते कसे भरीत आणि ते फुटले म्हणजे नेमके काय होई, हे सांगू शकणारी माणसे आज आपल्या समाजात फार थोडी उरली आहेत. शब्द जिभेवर राहिला आणि वस्तू दृष्टीआड झाली. ज्या विद्येच्या आधाराने आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे दुष्काळाशी टक्कर दिली, त्या विद्येचा थोडाबहुत इतिहास ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपली बहुतेक घराणी मूळची शेतीवर जगलेली. नोकरीधंद्यानिमित्त ती आता पुणे, मुंबई, सोलापूर व त्यापलीकडेही पांगली असली, तरी प्रत्येक घराच्या मागे कोठे ना कोठे एखादी कणगी उभी होतीच.

आमच्या विवेचनाचे केंद्र वेळापूर हे आहे. माळशिरस तालुक्यातील हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या पुरातन मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतील मराठी शिलालेख या गावात आहेत, म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही हे नांदते ठाणे होते. श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी माळशिरसाहून पंढरीकडे जाताना वेळापुरास मुक्कामाला असते, हे तर सर्वांस ठाऊकच आहे. या मुक्कामाकडे आम्ही येथे एका निराळ्या दृष्टीने पाहू इच्छितो. पालखी येते ती आषाढात. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात खळ्यावर येते आणि खरिपाचा दाणा हाती येण्यास भाद्रपद-आश्विन उजाडावा लागतो. आषाढ हा शेतकऱ्याच्या घरातील ओढगस्तीचा महिना. अशा महिन्यात सहस्रावधी वारकऱ्यांच्या मुखी भाकरी घालावयाची, तर ती चार-पाच महिने किडीपासून व ओलीपासून राखलेल्या दाण्याचीच असणार. या वाटेवरील गावांच्या अन्नदानामागे भक्ती होती, तशीच दाणा राखण्याची कलाही होती.

सोलापूर जिल्हा हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे वर्षाचा पाऊस सरासरी वीस-बावीस इंचांच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नव्हे. तीन-चार वर्षांत एखादे साल बरे, एखादे मध्यम आणि एखादे कोरडे, असाच येथील अनुभव. अशा मुलखात एका सुगीचा दाणा दुसऱ्या सुगीपर्यंत पुरविणे एवढ्याने भागत नसे, तो पुढील वाईट सालासाठी राखावा लागे. कोकणातल्या शेतकऱ्यास पावसाची खात्री होती, पण हवेच्या दमटपणामुळे दाणा फार काळ टिकविणे कठीण होते. देशावरील शेतकऱ्यास पावसाची खात्री नव्हती, पण कोरडी हवा आणि कोरडी जमीन यांची देणगी होती. या देणगीचा उपयोग करून घेण्याची युक्ती म्हणजेच पेव.

ही युक्ती किती जुनी आहे, हे पुरातत्त्वज्ञांच्या परिश्रमाने आता कळून आले आहे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्या वसाहतीत धान्य साठविण्याचे खड्डे व धान्यकोठार यांचे अवशेष सापडले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि साठ्याचा अर्धा भाग प्रजेच्या आपत्काळासाठी राखून ठेवावा, असा तेथे दंडक आहे. दूरच्या रोमन साम्राज्यात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरो नावाचा ग्रंथकार होऊन गेला. त्याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात कप्पदोशिया व थ्रेस या प्रांतांतील भूमिगत कोठारांचे वर्णन करून, अशा कोठारात गहू पन्नास वर्षे व बाजरीवर्गीय धान्य शंभराहून अधिक वर्षे टिकते, असे नमूद केले आहे. कोरड्या भूमीवर राहणाऱ्या निरनिराळ्या लोकांना हे एकच उत्तर स्वतंत्रपणे सुचले असावे, असे मानण्यास यावरून जागा आहे.

आता पेवाची रचना पाहू. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मानीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तीत पेव काढणे म्हणजे दाणा कुजविणे. म्हणून पेव काढीत ते पांढरीत, उंचवट्यावर, जेथे खाली घट्ट मुरूम लागेल आणि पावसाचे पाणी थांबणार नाही अशा जागी. कोणाचे वाड्याच्या चौकात असे, कोणाचे ओसरीखाली, तर कोणाचे अंगणात. त्याचा आकार घागरीसारखा. तोंड एक माणूस कसाबसा आत उतरेल एवढेच, आणि खाली पोट रुंद होत गेलेले. खोली दोन पुरुष, प्रसंगी त्याहून अधिक.

खोदकाम पुरे झाले की आत जाळ करून भिंती शेकून काढीत. त्यामुळे ओल निघून जाई आणि भेगांत दडलेली कीडही मरे. मग तळाला आणि कडेने कडबा, भुसा यांचा जाड थर देत, म्हणजे जमिनीचा दमटपणा दाण्यास लागू नये. त्यावर उन्हात कडकडीत वाळविलेला जोंधळा ओतीत. दाणा वाळला की नाही, हे पाहण्यास कोणतेही यंत्र नव्हते. दाणा दाताखाली धरावा, तो कट्‌कन फुटला तर पेवाला योग्य, चेपला गेला तर आणखी ऊन हवे, ही परीक्षा. पेव भरले की वर पुन्हा भुसा, त्यावर दगडी चीप, चिपेच्या सांध्यांत चिखल आणि वर मातीचा उंचवटा, असा बंदोबस्त होई.

यात विज्ञान कोणते? दाणा हा निर्जीव पदार्थ नव्हे, तो मंद गतीने श्वास घेत असतो. त्यातील कीडही श्वास घेते. तोंड बंद झाल्यावर आतील प्राणवायू हळूहळू खर्ची पडतो आणि कर्बद्विप्राणिल वायू साचतो. प्राणवायू फारच कमी झाला म्हणजे किडीची वाढ थांबते, अंडी उबत नाहीत आणि शेवटी कीड गुदमरून मरते. म्हणजे ज्या किडीने दाण्याचा नाश करावयाचा, तीच आपल्या श्वासाने आपल्या मरणाची तयारी करी. औषध नाही, विष नाही, खर्च नाही. मात्र पेव एकदा उघडले की आत हवा शिरे आणि हा सारा बंदोबस्त मोडे. म्हणून उघडलेले पेव रिकामेच करावे लागे. एकाच वेळी खंडीच्या खंडी धान्य बाहेर पडे. ‘पेव फुटणे’ या शब्दप्रयोगातील एकदम, अनावर, विपुल बाहेर पडण्याचा अर्थ यावरून ध्यानात येईल.

याच वायूने माणसांचेही बळी घेतले आहेत. नुकत्याच उघडलेल्या पेवात घाईने उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढण्यास उतरलेला दुसराही त्याच्याच शेजारी कोसळतो. म्हणून जाणते लोक पेव उघडल्यावर बराच वेळ तसेच ठेवीत आणि मग दोरीने दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला तर उतरावयाचे नाही. वर उल्लेखिलेल्या व्हॅरोनेही कोठार उघडल्यावर काही वेळ थांबण्याची सूचना आपल्या देशबांधवांना दिली होती, आणि घाईने उतरणारे काही लोक गुदमरून मेल्याचे लिहून ठेवले होते. भीमेच्या खोऱ्यातील शेतकरी आणि रोमन जमीनदार यांना एकच धडा मिळाला होता.

पेव हे मोठ्या साठ्याचे आणि वाईट सालाचे साधन. रोजच्या दळणकांडणासाठी घरात निराळी व्यवस्था असे. बांबूच्या, तुरकाठ्यांच्या किंवा निरगुडीच्या फोकांची विणलेली आणि आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपलेली कणगी हे त्यांतील मुख्य साधन. वरून दाणा भरावा, वरचे तोंड लिंपून टाकावे आणि तळाशी ठेवलेल्या भोकातला चिंधीचा बोळा काढून लागेल तेवढा दाणा घ्यावा, म्हणजे वरचा साठा उघडा पडत नसे आणि जुना दाणा आधी निघे. मोठ्या वाड्यांतून भिंतींच्या आत किंवा दोन भिंतींच्या मध्ये बळद असे. कडधान्ये आणि बियाणे रांजणांतून, मडक्यांच्या उतरंडीतून ठेवीत. बियाण्याला पेव कधीच योग्य मानीत नसत, कारण पेवातील दाण्याची उगवणशक्ती कमी होते व त्याला एक प्रकारचा वास लागतो. बियाण्यासाठी निवडलेली ज्वारीची टपोरी कणसे चुलीच्या वर टांगून ठेवीत. रोजच्या धुराने ती कोरडी राहत आणि किडीला त्यांचा आश्रय घेता येत नसे. खाण्याचा दाणा, विकण्याचा दाणा आणि पेरण्याचा दाणा यांची अशी वेगवेगळी व्यवस्था लावणे, यातच त्या गृहस्थांची दूरदृष्टी दिसते.

आता शत्रूची ओळख करून घेऊ. ज्वारी-गव्हाचा मुख्य वैरी म्हणजे सोंडकिडा, ज्यास बायका ‘टोका’ असेही म्हणतात. त्याची मादी दाण्याला सोंडेने भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशे ते चारशे अंडी घालू शकते आणि अनुकूल हवेत सुमारे महिन्याभरात अंड्याचा किडा होऊन तो दाणा पोखरून बाहेर पडतो. म्हणून वरून निर्मळ दिसणाऱ्या राशीतही कीड दडलेली असू शकते. कडधान्यांचा वैरी भुंगेरा. तो अंडी घालतो ती दाण्याच्या सालीवर, बाहेरून. याखेरीज गव्हाची नासाडी करणारा खापरा भुंगेरा आणि दाण्यातून निघणारे बारीक पतंग, हेही उपद्रवी होत.

हे भेद आपल्या आज्या-पणज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले नव्हते. तरीही त्यांचे उपाय त्या त्या किडीच्या स्वभावास कसे नेमके लागू पडत, हे पाहून आश्चर्य वाटते. तुरीला, मुगाला, उडदाला एरंडेल तेलाचा हात देण्याची चाल घरोघर होती. भुंगेऱ्याचे अंडे सालीवर असल्याने तेलाच्या पातळ थराखाली ते गुदमरते, आणि गुळगुळीत दाण्यावर नवे अंडे नीट चिकटत नाही. तूर अख्खी न ठेवता भरडून तिची डाळ करून ठेवीत, कारण सालीविना असलेल्या डाळीत भुंगेऱ्याची वीण तितकीशी फोफावत नाही. वालाला, हरभऱ्याला, बियाण्याला गोवरीची चाळलेली राख चोळीत. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरील मेणासारखे आवरण खरवडतात, त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते आणि तो वाळून मरतो. दाण्यांमधील फटीही राखेने भरून गेल्याने किड्याला हिंडण्यास वाव राहत नाही. ज्वारी-गव्हात कडुनिंबाचा सावलीत वाळविलेला पाला, निरगुडीचा पाला, वेखंडाचे तुकडे घालीत. कडुनिंबातील कडू द्रव्ये किडीची भूक मारतात आणि तिच्या वाढीत विघ्न आणतात, हे विसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.

या सर्वांहून श्रेष्ठ उपाय वैशाखाच्या उन्हाचा. चैत्र-वैशाखात अंगणात, धाब्यावर दाणा पसरून त्यास दोन-चार उन्हे द्यावयाची, हा वार्षिक कुळाचारच होता. तापलेल्या जमिनीवर पातळ पसरलेल्या दाण्याची उष्णता पन्नास अंश सेल्सिअसच्या वर गेली तर कीड टिकत नाही, आणि दाण्यातील पाण्याचा अंश सुमारे बारा टक्क्यांच्या खाली आला म्हणजे बुरशीचे भय जाते व किडीची वाढही मंदावते. मात्र ऊन दिलेला दाणा गरम असतानाच भरीत नसत. तो सावलीत निवू देत, नाहीतर कणगीत वाफ धरून दाणा घामेजतो.

येथे एक गोष्ट आम्हांस स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना सर्व श्रेय आपल्याच ज्ञातीच्या पदरी घालण्याचा मोह होतो. परंतु ही विद्या कोणा एका ज्ञातीची नव्हती. कणग्या व तट्टे विणीत ते बुरूड आणि कैकाडी, उतरंडीची मडकी व रांजण घडवी तो कुंभार, आणि पेवाचे खोदकाम करीत ते कष्टकरी हात आपल्यापैकीच होते असे नाही. रात्री गावाची राखण करणारा महारही या व्यवस्थेचा आधार होता. या सर्वांना खळ्यावर बलुते मिळे हे खरे, पण त्यांच्या स्वतःच्या घरी वर्षभर पुरेल एवढा दाणा क्वचितच असे. आणि निवडणे, पाखडणे, ऊन देणे, तेल-राख चोळणे, लिंपणे हे सारे काम घरातील स्त्रियांचे. त्यांची नावे ना शिलालेखात कोरली गेली, ना बखरीत लिहिली गेली.

धान्याची राखण ही राज्यकर्त्यांचीही चिंता होती. पन्हाळगडावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन भव्य कोठ्या आजही त्याची साक्ष देत उभ्या आहेत. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवछत्रपतींनी चिपळूण तालुक्यात छावणीस असलेल्या लष्करास पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी केलेली दाण्याची व वैरणीची बेगमी आधीच उडवून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग लोक रयतेस ओरबाडू लागतील, असा त्या पत्राचा इशारा आहे. रात्री दिवा जळता ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंज पेटतील, एवढ्या बारकाईने महाराजांनी त्यात लक्ष घातले आहे. उंदराचा स्वभाव जाणणारा हा राजा शेतकऱ्याच्या घरातील अडचण जाणत होता.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहावयाचे तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. बेदरच्या बादशाहीतील या अंमलदाराने पंधराव्या शतकातील घोर दुष्काळात सरकारी धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाकडे त्या धान्याचे मोल भरले, ही कथा भाविकांच्या हृदयात आहे. तिच्या भक्तिरसाबरोबर तिच्यातील व्यवहारही ओळखावा. साठविलेला दाणा कोणाचा, हा या कथेचा गाभा आहे. दाणा किडीपासून राखणे ही अर्धी विद्या. तो योग्य वेळी बाहेर काढणे, ही उरलेली अर्धी.

ही उरलेली अर्धी विद्या सर्वांजवळ नव्हती, हे इतिहास सांगतो. पेव बाळगण्याची ऐपत असे ती पाटील, देशमुख, सावकार आणि मोठे बागाईतदार यांनाच. एकोणिसाव्या शतकात शेतसारा रोख भरावा लागू लागला, तेव्हा सामान्य कुणब्याचा दाणा खळ्यावरूनच सावकाराच्या पेवात जाऊ लागला आणि आषाढात तोच दाणा त्याला सवाई-दिढीने परत घ्यावा लागे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले, त्यांत रोष मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. पण त्या कर्जरोख्यांच्या मुळाशी पुष्कळदा पोटासाठी उसना घेतलेला दाणा असे.

१८६० साली आगगाडी सोलापुरापर्यंत येऊन पोहोचली. दळणवळण वाढले, बाजारभाव दूरच्या पेठांशी जोडले गेले आणि दाणा राखण्यापेक्षा विकणे फायद्याचे वाटू लागले. पेवे हळूहळू रिकामी राहू लागली. नंतर आला १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ. सोलापूर हा त्यातील अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी इतकी उतरविली की १८७७ साली पुष्कळ ठिकाणी उपाशी मजुरांनी ती कामेच सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या परिस्थितीची दाद सरकारदरबारी लावून धरली. देशात माणसे अन्नावाचून मरत असताना देशाबाहेर धान्याची निर्यात चालूच होती. ज्या आगगाडीने दुष्काळी मुलखात धान्य आणले, तिनेच ते आधी बाहेरही नेले होते. गावातील साठा गावात राहण्याचे महत्त्व त्या काळी अनेकांस पटले, पण तोवर जुनी घडी विसकटली होती.

पुढे आणखी बदल झाले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि मग तो देशावर पसरला. उंदरावरील पिसवांमुळे तो फैलावतो, हे १८९८ साली सिमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. घरातील धान्य म्हणजे घरातील उंदीर, या भीतीने साठवणीच्या जुन्या रीतींकडे लोक संशयाने पाहू लागले. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी खेळू लागले आणि ऊस आला, साखर कारखाने आले. पैसा वाढला, पण घरची ज्वारी कमी झाली. शिवाय भिजणीच्या जमिनीत ओल वाढली की पेव टिकत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडीच्या कामांवर राबताना आपल्या वडीलधाऱ्यांनी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली मिलो खाल्ली. संकरित ज्वारीने उत्पन्न वाढविले, परंतु तिचा मऊ दाणा देशी मालदांडीसारखा टिकत नाही व लवकर किडतो, असा शेतकऱ्यांचा अनुभव. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण अनेक दशके टिकून राहिला, त्याला हेही एक कारण असावे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या जिल्ह्यास अभिमानाची गोष्ट होय.

पुढे धान्यात विषारी पावडरी आणि गोळ्या आल्या. गोदामातील मोठ्या साठ्यांना त्यांचा उपयोग आहे, यात शंका नाही. परंतु राहत्या घरात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्याने त्यातून निघणाऱ्या वायूने निद्रिस्त माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या दुःखद घटना देशात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. ज्ञातिबांधवांस आमची कळकळीची विनंती आहे की, राहत्या घरात या गोळ्या कदापि वापरू नयेत. येथे ‘गव्हाबरोबर किडे रगडले जातात’ ही म्हण उलटी होते. किड्यांबरोबर माणसे रगडली जातात.

जुने ते सर्व सोने, असा आमचा दावा नाही. पेवाच्या कडेचा दाणा कुजत असे, एखाद्या वर्षी पाणी शिरून सारे पेव नासत असे, शेणाने लिंपलेल्या कणगीस उंदीर भोके पाडीत. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे नामांकित होती. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवांची हानी झाली. एरंडेल व राख घरगुती साठ्यास पुरेशी आहेत, सरकारी गोदामास नव्हेत. तथापि जुन्या विद्येचे तत्त्व खोटे नव्हते, याचा निर्वाळा आधुनिक शास्त्र देत आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी तयार केलेली ‘पुसा कोठी’ ही माती-विटांच्या भिंतीत प्लास्टिकचा पडदा घालून केलेली कणगीच होय. आफ्रिकेतील कॅमेरून देशात १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी चवळी साठविण्यासाठी तीन पदरी हवाबंद पिशवी सिद्ध केली, आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. आतील किडीनेच प्राणवायू संपवावा व गुदमरून मरावे, हे तिचे तत्त्व. आमच्या वाचकांस ते ओळखीचे वाटेल.

कडुनिंबाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. कडुनिंबाच्या तेलाने बुरशीचे नियंत्रण करण्याच्या एका पद्धतीवर अमेरिकन सरकारचे कृषिखाते व एक अमेरिकन कंपनी यांना १९९४ साली युरोपीय पेटंट मिळाले. त्यास भारतातून व युरोपातून हरकत घेण्यात आली. भारतात असा वापर पूर्वीपासून होत असल्याचा पुरावा पुढे आला आणि २००० साली ते पेटंट रद्द झाले. त्यावरील अपीलही २००५ साली फेटाळले गेले. यावरून घेण्याचा धडा असा की, ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढे म्हणून भागत नाही. ठाऊक होते याची नोंद लागते, साक्षीदार लागतो. ज्या विद्येची नोंद नाही, ती एक तर विसरली जाते किंवा दुसऱ्याच्या नावावर चढते.

म्हणून या लेखाच्या शेवटी आम्ही सर्व सभासद कुटुंबांस एक विनंती करितो. प्रत्येक घरात सत्तर-ऐंशी वर्षांच्या एखाद्या आजी, मावशी, काकी असतील. वैशाखात किती उन्हे देत, तुरीला तेल किती लावीत, राख कशाची घेत, वालाचे बियाणे कशात ठेवीत, पेव कोणत्या आळीत होते, ते कोणी खोदले, शेवटचे केव्हा उघडले, हे त्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून काढावे. गावाचे नाव, पिकाचे नाव आणि झाडपाल्याचे स्थानिक नाव अवश्य लिहावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या स्तरावर लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. आपल्या गावच्या नोंदवहीत ही माहिती जाईल असे पाहावे. ती आपल्या घराण्याच्या नावाबरोबरच बुरूड, कैकाडी, कुंभार या साऱ्या भागीदारांच्या नावानिशी जावी.

शहरातील सभासदांनी वर्षाचे धान्य भरताना या उपायांतील साधे उपाय करून पाहण्यास हरकत नाही. दाणा नीट वाळवावा, निववून भरावा, डबा घट्ट झाकावा, कडधान्यास एरंडेलाचा हात द्यावा, जुना दाणा आधी संपवावा. एवढ्यानेही पुष्कळ काम भागते. पेवे आता पुन्हा खोदली जाणार नाहीत आणि तशी गरजही नाही. परंतु चांगल्या सालात वाईट सालाची आठवण ठेवावी आणि राखलेला दाणा भुकेल्यासाठी वेळेवर बाहेर काढावा, ही पेवामागील बुद्धी जुनी होणारी नाही. ती पुढील पिढीच्या हाती सोपविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.